उचलणं वेगळं, वाजवणं वेगळं

निसर्गाने स्त्री आणि पुरुष यांची घडण मुळातच वेगळी केली आहे, आणि त्या घडणीत ढवळाढवळ करण्याचा अधिकार कोणाही माणसाला नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत, पत्र्याच्या शेडमध्ये, आडव्या पडलेल्या एका ढोलावर बसलेल्या गृहस्थांच्या तोंडून. ते आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष होते. निसर्गाशी त्यांचा संबंध गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपुरता होता, आणि तिलाही पाणी त्यांची बायको घालायची. तरी निसर्गाची बाजू मांडायला तेच उभे राहिले. म्हणजे बसूनच राहिले.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. कॉलनी सरकारी नोकरांची. कुणी छापखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी टपालात. देवळा, सिन्नर, इगतपुरी अशा गावांतून आलेली माणसं. दिवसभर साहेबापुढे मान खाली घालून आलेला पुरुष संध्याकाळी कॉलनीत कशाचा तरी अध्यक्ष, उपाध्यक्ष किंवा निदान खजिनदार असायचा. एवढी पदं होती की साधा सभासद शोधावा लागे. बायकांना पद नव्हतं. त्यांच्याकडे प्रसाद होता.

प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा होता. ती तेव्हा अकरावीत होती आणि तिला विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा होता. एवढंच. समाज बदलायचा नव्हता, स्त्रीमुक्ती करायची नव्हती. तिला ढोल वाजवायचा होता.

मला स्वतःला ढोल आवडत नाही. त्याचा आवाज बरगड्यांतून आत शिरतो आणि आपल्याला विचारल्याशिवाय तिथेच बसतो. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, कॉलेजात शिकणारी, पुस्तकात तोंड खुपसून बसणारी. आमच्या दोघींच्या या फरकाबद्दल निसर्गाने काय ठरवलं होतं, हे अध्यक्षांनी कधी सांगितलं नाही. एकाच आईबापाच्या दोन मुली, एक गोंगाटापासून पळणारी आणि एक गोंगाटाकडे पळणारी. हिचं म्हणजे जेवताना ताटाच्या कडेवरही बोटं चालायची. आई म्हणायची, "अगं, अन्न आहे ते, ताशा नव्हे."

पथकाचा सराव श्रावणात सुरू व्हायचा. पथकाचा प्रमुख आयटीआय करणारा एक सरळ मुलगा होता. त्या वर्षी त्याच्या एका वादकाला कावीळ झाली आणि एक ढोल रिकामा पडला. माझी बहीण शेडच्या दाराशी रोज उभी असायचीच. तिला सगळे हात पाठ होते. ढोलवाले वाजवण्याच्या प्रत्येक प्रकाराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, असे. प्रमुखाने एकदा चेष्टेत विचारलं, "काय गं, वाजवतेस?" तिने ढोल कमरेला बांधला आणि वाजवला. चेष्टा तिथेच संपली. पुढचा आठवडाभर ती रोज वाजवत होती आणि त्या मुलांपैकी कोणाच्या काही मनातही आलं नाही. एक जण तर तिला म्हणाला, "ताई, जरा हळू गं, आमचा आवाजच येत नाय."

मग एका संध्याकाळी अध्यक्ष वर्गणीबद्दल काही सांगायला शेडमध्ये आले, आणि त्यांना निसर्ग आठवला.

दोन दिवसांनी कार्यकारिणीची बैठक भरली. अजेंड्यावर तीन विषय होते: मंडपाचा पत्रा, लाउडस्पीकरची परवानगी आणि माझ्या बहिणीचं गर्भाशय. हा शब्द कोणी उच्चारला नाही. सगळे 'ते' म्हणत होते. "ढोलाचा दणका थेट 'त्याच्यावर' बसतो," अध्यक्ष म्हणाले. "उद्या लग्न झाल्यावर काही अडचण आली, तर मंडळावर यायला नको."

मंडळाच्या बाजूला एक डॉक्टर होते. कॉलनीतच राहणारे, साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारे. मंडळाचे ते वैद्यकीय सल्लागार होते, म्हणजे मिरवणुकीत कोणाला चक्कर आली तर लिंबूपाणी द्यायचं. त्यांनी घसा साफ करून सांगितलं, "सततच्या कंपनांनी ते जागेवरून सरकतं. शास्त्र आहे हे."

माझे वडील बैठकीला होते. ते काही बोलले नाहीत. ते कार्यालयातही बोलत नसत आणि घरीही. त्यांचा स्वभाव शांत आहे, असं सगळे म्हणत. आईही फारशी बोलत नसे, पण तिच्या बाबतीत त्याला स्वभाव म्हणत नसत, वळण म्हणत.

माझी बहीण मात्र माझ्यापेक्षा व्यवहारी. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर सरळ सरकारी दवाखान्यात गेली, रांगेत उभी राहिली आणि बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारून आली. त्या बाईंनी आधी ती कशासाठी आली आहे ते दोनदा विचारून घेतलं, मग हसल्या. म्हणाल्या, "पोरी, ते एवढं सहज सरकत असतं तर डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायकांना पोरं झाली असती का? जा, वाजव. कंबर दुखली तर शेक घे."

हा निरोप तिने स्वतः जाऊन अध्यक्षांना सांगितला. मी तिच्याबरोबर होते. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर कोण होते?"

"डॉक्टरीणबाई होत्या, काका."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे बाईच. ती तसंच म्हणणार."

त्या घटकेला माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पूर्ण उतरलेली नाही. ज्या बाईने शेकडो बाळंतपणं केली तिला गर्भाशयाबद्दल काही बोलण्याचा अधिकार नाही, कारण तिच्याकडे ते आहे. आणि ज्यांनी ते फक्त शाळेच्या पुस्तकात, तेही गुरुजींनी पान उलटलं म्हणून अर्धवट पाहिलं, ते तज्ज्ञ.

तडजोड म्हणून मंडळाने आम्हा मुलींना ध्वज दिला. नऊवारी नेसून, नथ घालून, मिरवणुकीच्या पुढे भगवा ध्वज नाचवायचा. शोभा येते, असं खजिनदार म्हणाले. ध्वज म्हणजे दोन पुरुष उंचीचा ओला बांबू. त्याचं बूड पोटाशी टेकवून तो तोलावा लागतो. वारा आला की सगळा भार बेंबीखाली येतो. याबद्दल वैद्यकीय सल्लागारांना काही म्हणायचं नव्हतं. बांबूने ते सरकत नसावं.

त्या काळात मी लायब्ररीतून आणून बरंच वाचत होते. स्त्री घडते ती जन्माने की समाजाने, यावर जाड जाड पुस्तकं आहेत. शरीरात फरक असतो, हे कोण नाकारेल? हाडांत असतो, स्नायूंत असतो, काही मेंदूतही असेल. नेमका किती आणि कुठवर, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मला त्या शेडमध्ये कळली, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. निसर्गाने जे खरोखर अशक्य करून ठेवलंय, त्याच्यावर बंदी घालायला बैठक बोलवावी लागत नाही. माशांनी झाडावर चढू नये असा ठराव आजवर कोणत्याही मंडळाने केलेला नाही. ठराव करावा लागला याचा अर्थच हा, की मुलीला ढोल वाजवता येतो आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मंडळाचे खजिनदार राहायचे. शोभा येते म्हणणारे तेच. ते बायकोला मारायचे. त्या काकूंना त्या पावसाळ्यात सहावा महिना होता. आवाज सगळ्यांना यायचा. खालच्या मजल्यावर वैद्यकीय सल्लागार राहायचे. वर आवाज सुरू झाला की ते टीव्ही मोठा करायचे. सकाळी काकू नळावर आल्या की बाकीच्या बायका त्यांची कळशी आधी भरू द्यायच्या. कॉलनीची माणुसकी तेवढी होती. पुरुषांची तर तेवढीही नव्हती, कारण ते नळावर येत नसत.

विसर्जनाचा दिवस उजाडला. शेड गळत होती म्हणून सगळे ढोल आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवले होते. दुपारी पंचवटीहून फेटेवाला आला. खाली मंडपात मुलं ओळीने खुर्च्यांवर बसली आणि त्याने एकेकाला फेटा बांधायला घेतलं. फेटा एकदा बांधला की माणसाने वाकायचं नसतं, ओझं उचलायचं नसतं, जिन्यावरून धावायचं नसतं. तुरा मोडतो. त्यामुळे अध्यक्षांच्या लक्षात फार उशिरा आलं की फेटे बांधून झालेत आणि ढोल अजून वरच आहेत.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नऊवारीतल्या मुली रिकाम्या उभ्या होत्या.

"मुलींनो," ते म्हणाले, "जरा पटापट ढोल खाली आणा बरं."

आम्ही आणले. मीही आणले, मला ढोलाचा तिटकारा असताना. चार मजले, अरुंद जिना, कडेवर मूल घ्यावं तसा ढोल कमरेवर टेकवून, दुसऱ्या हाताने नऊवारीचा घोळ सावरत. घामाने नथी निसटत होत्या. डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून सांगत होते, "सांभाळून हं, पान फाटेल." पान म्हणजे ढोलाचं कातडं. त्या दिवशी कॉलनीत नाजूक म्हणून तेवढंच होतं.

शेवटचा ढोल माझ्या बहिणीने आणला. सगळ्यांनी ढोल मंडपाच्या कडेला ठेवले होते. तिने ठेवला नाही. तिने पट्टा कमरेला आवळला, टिपरू हातात घेतलं आणि मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ज्याचा तो ढोल होता तो पोरगा लाजून लाल झाला. हळूच म्हणाला, "ताई, दे ना. मला ओरडतील."

"मी आणलाय," ती म्हणाली.

अध्यक्ष आले. ते रागावले नव्हते. अजून नव्हते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळा, उचलणं वेगळं, वाजवणं वेगळं."

स्त्री-पुरुष भेदाची इतकी नेमकी व्याख्या मला त्यानंतर कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

"कशात वेगळं, काका? वजन तेच हाय ना?" चिडली की ती आमच्या आजोळच्या भाषेत जायची.

"वजनाचं नाही गं. दणका. दणका बसतो."

मंडपात आरतीची तयारी चालली होती. कॉलनीतल्या सगळ्या बायका तिथे होत्या. खजिनदार फेटा सावरत उभे होते. त्यांच्या बायकोच्या हातात निरांजनाचं ताट होतं. माझ्या बहिणीने अध्यक्षांकडे पाहिलं, मग खजिनदारांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली:

"आणि काकूंना बसतो तेव्हा? तेव्हा कुणी बैठक घेतली होती का?"

काकूंनी मान खाली घालून वाती सारख्या केल्या. खजिनदारांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. आणि अध्यक्षांची प्रमाण मराठी, जी ते सभेचा कोट घालावा तशी घालत असत, गळून पडली.

"लय शहाणी झालीस का? कुठं आहे हिचा बाप?"

बाप तिथेच होता. माझे शांत स्वभावाचे वडील गर्दीतून पुढे आले. मला क्षणभर वाटलं, आता ते बोलतील. सगळ्या आयुष्यात एकदा. ते खाली बसले, मुलीच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी सोडवला, ढोल उचलला आणि त्या पोराच्या पायाशी ठेवला. मग अध्यक्षांना म्हणाले, "लहान आहे. माफ करा." खजिनदारांना म्हणाले, "माफ करा." ज्यांची माफी मागायला हवी होती त्या हातात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही. आरती सुरू झाली.

ती मिरवणूक दसकच्या घाटापर्यंत गेली. आम्ही दोघी गेलो नाही. घरी आईने तिला जवळ बसवून तिच्या केसांतल्या पिना एकेक काढल्या. वडील दोन दिवस जेवताना खाली बघत होते. मी त्यांच्यावर तेव्हा चिडले होते, अजूनही चिडते. ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. शांत माणसं फार सोयीची असतात, आणि कोणाच्या सोयीची हे ती कधी तपासत नाहीत.

काकूंना मुलगी झाली. पुढच्या वर्षी खजिनदारांची बदली झाली आणि ते कुटुंब मनमाडला गेलं. मंडळाने त्यांना नारळ आणि शाल दिली.

बहिणीने नंतर ढोलाचं नाव काढलं नाही. बारावी झाली, औषधनिर्माणाचा डिप्लोमा केला, त्याच भागात लग्न झालं, दोन मुलं झाली. सरकायचं ते काही सरकलं नव्हतं.

मग नवं शतक आलं आणि निसर्गाने आपलं मत बदललं.

म्हणजे झालं असं, की शहरातल्या दुसऱ्या एका मंडळाने महिला ढोल पथक काढलं, त्याचे फोटो पेपरात आले, आणि आमच्या कॉलनीच्या मंडळाला आपण मागे पडतोय असं वाटू लागलं. त्यातच आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. महिना-दोन महिन्यांत आमचंही महिला पथक उभं राहिलं. उद्घाटनाला तेच अध्यक्ष होते. आता निवृत्त, केस काळे केलेले, गळ्यात उपरणं. मी मुद्दाम गेले होते. ते म्हणाले, "ताल हा स्त्रीला निसर्गानेच दिला आहे. आईच्या उदरात बाळ पहिल्यांदा काय ऐकतं? ठोका!" टाळ्या पडल्या. डॉक्टरही होते. ते म्हणाले की ढोल वाजवल्याने कंबरेला बळकटी येते, बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आत जातं. शास्त्र आहे हे.

मी बहिणीच्या घरी जाऊन तिला हे सगळं सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. ती मुलाचा डबा घासत होती.

"मी नाव दिलंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"पथकात."

"त्याच माणसाच्या हाताखाली?"

तिने डबा पालथा घातला. "ताई, मला त्याच्याशी काय करायचंय? मला ढोल वाजवायचाय."

मला जो हिशोब चुकता करायचा होता तो माझा होता. तिला ढोल हवा होता.

दीड महिना ती दुपारच्या वेळात, औषधाच्या दुकानातल्या नोकरीवरून आल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आत, सरावाला जात होती. तळव्याला फोड आले, ते फुटले, त्यावर घट्टे पडले. सगळे हात तिला अजून पाठ होते. नव्या मुलींना ती शिकवायची.

आमच्याकडे मिरवणुकीत वाजवायचं ते खरं मुख्य चौकात. तिथे स्वागताचा मंडप असतो, चारही बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, प्रत्येक पथक तिथे थांबतं आणि आपलं सगळं तिथे ओततं. बाकीचा रस्ता म्हणजे चालणं. दीड महिना त्या सगळ्या जणी चौकासाठी मेहनत करत होत्या.

मी मिरवणुकीबरोबर फुटपाथवरून चालत होते, कानात कापूस घालून. महिला पथक पुढे होतं, पुरुषांचं मागे. माझी बहीण पहिल्या रांगेत होती. ती कशी दिसत होती हे सांगत नाही. बायका ढोल वाजवताना कशा दिसतात यावर त्या दिवशी पुरेशा पुरुषांनी भाषणं केली होती. ती वाजवत होती, एवढंच. मला ढोल आवडत नाही, आणि मी कानातला कापूस काढला.

चौक तीन-चारशे पावलांवर आला तेव्हा शिट्टी वाजली. टेम्पोवरून अध्यक्षांचा आवाज आला. महिला पथकाने अतिशय सुंदर वादन केलं, भगिनींचे मंडळ आभारी आहे, आता त्यांनी इथे थांबावं. अंधार पडतोय, त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी मंडळावर आहे, शिवाय घरी लहान मुलं वाट बघत असतील. ढोल टेम्पोत ठेवून द्यावेत. चौकात पुरुष पथक वाजवेल.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "अहो, पण चौक तर समोरच आहे." ताशेवाले दोघे भाड्याने आणलेले पुरुष होते. ते थांबले आणि मागच्या पथकात जाऊन मिसळले. ताशा थांबल्यावर एकेक ढोल थांबत गेला. शेवटपर्यंत एकच चालू होता. पहिला हात, दुसरा हात, तिसरा. तिने सगळे पूर्ण केले, ताशाशिवाय, एकटीने. मग स्वतःच्या हाताने पट्टा सोडला.

अध्यक्ष टेम्पोवरून टाळ्या वाजवत होते.

सव्वासातला आम्ही दोघी रिक्षाने तिच्या घरी पोचलो. मिरवणूक रेंगाळत चौकात पोचली ती नऊनंतर. तोवर तिच्याकडे सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासून झाली होती.